१३० किलो पेकोरीनो: घरच्या पांढऱ्या वाइनच्या नोंदी

माझं माहेर निफाडचं, घरची द्राक्षबाग. गेली नऊ वर्षं मी इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, सान बेनेदेत्तो देल त्रोन्तो इथे राहते. छाटणी, विरळणी आणि भुरी, केवडा हे वेलीचे रोग, हे शब्द ऐकतच वाढले, पण वाइन कधी केली नव्हती. आमची थॉमसन जातीची द्राक्षं खायला जायची, उरलेल्याचे बेदाणे व्हायचे. या वर्षी पहिल्यांदा इथल्या पेकोरीनो जातीची पांढरी वाइन घरापुरती केली. रोजच्या रोज वहीत लिहिलेलं इथे उतरवतेय. माझ्या चुका कुणी पुन्हा करू नयेत म्हणून आकडे आणि खर्च जसेच्या तसे ठेवलेत.

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

ऑफीदाजवळच्या एका मळ्यात गेले. घरापासून गाडीने अर्धा तास. मालक सत्तरीचे आहेत. समोर मी त्यांना 'सिन्योर' म्हणते, वहीत मात्र काकाच लिहिते. त्यांची सव्वा हेक्टर पेकोरीनो आहे. माल दरवर्षी मोठ्या कारखान्याला जातो, त्यातले १३० किलो मला द्यायला तयार झाले. भाव किलोला १ युरो, तोडणी आपली आपण.

घड लहान, लांबट, मणी वाटाण्याएवढे आणि सालीला पातळ. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल की बाग उपाशी आहे. पण ही जात अशीच, वेलीला माल कमी. काडीचे बुडाकडचे पहिले दोन-तीन डोळे जवळजवळ वांझ असतात, घड पुढच्या डोळ्यांवर येतो, म्हणून छाटताना काडी लांब राखावी लागते. हे काका सांगत होते तेव्हा मला निफाडच्या बांधावर उभी असल्यासारखं वाटलं. आमच्या थॉमसनचीही हीच खोड.

कमी मालामुळेच गेल्या शतकात इथल्या शेतकऱ्यांनी पेकोरीनो उपटून त्रेब्यानो लावली. त्रेब्यानो भरभरून देते, पेकोरीनो देत नाही. ती परत आली ती १९८० च्या दशकात. रिपात्रान्सोनेच्या ग्विदो कोच्ची ग्रिफोनी यांनी आर्क्वाता देल त्रोन्तोच्या डोंगरात उरलेल्या जुन्या वेलींच्या काड्या खाली आणून आपल्या मळ्यात वाढवल्या आणि १९९० च्या हंगामाची वाइन बाजारात आणली. २०११ मध्ये ऑफीदाच्या पेकोरीनोला डीओसीजी हा इटलीतला सर्वांत वरचा दर्जा मिळाला. पेकोरीनो नावाच्या चीजशी संबंध नाही, फक्त नावाचं मूळ एक: पेकोरा म्हणजे मेंढी. डोंगरातून कळप खाली नेणाऱ्या मेंढपाळांच्या वाटेवर ही वेल असायची आणि मेंढ्या तिचे गोड मणी खायच्या, असं इथे सांगतात.

आजचा खर्च: वेताच्या टोपलीऐवजी प्लास्टिकची टोपली असलेल्या दोन दामिजाना, म्हणजे अरुंद तोंडाच्या मोठ्या काचेच्या बरण्या. एक ५४ लिटरची, एक २५ ची, मिळून ५८ युरो. साखर मोजायचा बाबो मापक, थर्मामीटर, नळी, रबरी बुचं आणि हवा बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या कुप्या, ४२ युरो. द्राक्षं चिरडायचं यंत्र आणि दाबयंत्र काकांचं.

२४ ऑगस्ट, शनिवार

नमुना घ्यायला गेले. बागेतल्या वेगवेगळ्या ओळींतून, घडाच्या वरून-खालून, उन्हातले आणि सावलीतले मिळून दोनशे मणी तोडले. सगळे एकाच ओळीतले तोडले तर आकडा खोटा येतो. बाबो १९.२, आम्ल लिटरला ९ ग्रॅम. बिया अजून हिरवट. आठवडाभर थांबायचं ठरलं.

मणी चावला की आधी गोड लागतं आणि मग जिभेच्या दोन्ही कडांना झिणझिण्या येतात. साखर चढली तरी आम्ल टिकवून धरणं हा या जातीचा मोठा गुण. थॉमसनमध्ये साखर चढली की आंबटपणा भराभर ओसरताना मी लहानपणापासून बघितलाय. ही कुरकुरीत आंबट धार आत्ता मण्यात आहे. ती बाटलीपर्यंत न सांडता न्यायची, एवढंच आपलं काम आहे, असं आज वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

आज तारीख २४ ऑगस्ट. २०१६ मध्ये याच दिवशी पहाटे ३ वाजून ३६ मिनिटांनी भूकंप झाला आणि आर्क्वाता उद्ध्वस्त झालं. काका सकाळी चर्चमध्ये जाऊन आले होते. जास्त बोलले नाहीत. एका वेलीच्या खोडावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "हिची आजी तिथली."

३१ ऑगस्ट, शनिवार: तोडणी

बाबो २०.५, आम्ल ८.१, पीएच ३.१८. इथला ढोबळ हिशेब असा की बाबोला ०.६५ ने गुणलं की होणारं अल्कोहोल कळतं. म्हणजे १३.३ टक्क्यांच्या आसपास.

पहिली चूक सकाळीच झाली. काकांनी साडेपाचला बोलावलं होतं, मी सातला पोचले. तोडणी अकराला संपली. क्रेट गाडीत भरून बर्फ घ्यायला थांबले, त्यात पाऊण तास गेला. बंद गाडी, ३३ अंश ऊन. चिरडायला घेतली तेव्हा द्राक्षांचं तापमान २९ अंश होतं. पहाटे तोडली असती तर १९-२० ला हातात आली असती. पांढऱ्या वाइनचा वास उष्णतेने आधी जातो, आणि मी तो स्वतः गाडीत कोंडून तापवला. पुढचे दोन दिवस या पाऊण तासाची भरपाई करण्यात गेले.

काकांच्या यंत्राने देठ वेगळे केले आणि लगेच दाबायला घेतलं. आधी आपोआप गळणारा रस, मग हळूहळू दाब. ७० लिटर झाल्यावर काका म्हणाले, "बस्ता, सिन्योरा." पुरे. मला अजून हवा होता, मी दांडा आणखी फिरवला आणि ८ लिटर जास्त काढले. शेवटच्या त्या रसाचा रंग तपकिरीकडे झुकलेला होता, चव किंचित कडू. तो वेगळा ठेवायला हवा होता, मी सगळ्यात मिसळला. एकूण ७८ लिटर.

सल्फाइट: पोटॅशियम मेटाबायसल्फाइट १० लिटरला १ ग्रॅम या हिशेबाने ८ ग्रॅम, थोड्या रसात विरघळवून. हे हवेपासून आणि नको त्या जंतूंपासून राखतं. वजन करायला स्वयंपाकघरातला काटा चालत नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा लागतो.

रस थंड करायला दीड लिटरच्या वीस बाटल्या पाणी गोठवून ठेवल्या होत्या. बाहेरून नीट धुऊन त्या रसात सोडल्या. रात्री दहापर्यंत १७ अंश.

१ सप्टेंबर, रविवार

रस रात्रभर निवळत ठेवला होता. सकाळी खाली हिरवट-मातकट गाळ, वर अजून धूसर. बाटल्या वितळल्या तसं तापमान १९ वर आलं होतं, म्हणून पुन्हा गोठवलेल्या घातल्या. संध्याकाळी नळीने वरचा रस ओढून घेतला. निवळ ७३ लिटर, गाळ ५ लिटर टाकला. ५४ च्या दामिजानात ५१ लिटर, २५ च्या दामिजानात २२ लिटर. दोन्ही जवळजवळ गळ्यापर्यंत. ही दुसरी चूक, तिचा परिणाम ४ तारखेला.

२ सप्टेंबर, सोमवार

यीस्ट १५ ग्रॅम, १५० मिली पाण्यात ३८ अंशाला वीस मिनिटं भिजवलं, छान फसफसलं, आणि तसंच १६ अंशाच्या रसात ओतलं. रात्रभर काही नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार

दुपारपर्यंतही काही नाही. एक बुडबुडा नाही. नळी काढून वास घेतला, नुसता रसाचा.

पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: यीस्ट आणि रस यांच्या तापमानात १० अंशांपेक्षा जास्त फरक नको. माझा फरक २२ अंश होता. गरम पाण्यातून एकदम गारठ्यात टाकल्यावर यीस्टचा बराच भाग मेला. नवीन पाकीट आणलं. या वेळी भिजवलेल्या यीस्टमध्ये दर पाच मिनिटांनी दोन चमचे थंड रस घालत गेले, जसं ताक गरम कढीत एकदम न ओतता आधी सैल करून घेतो. अर्ध्या-पाऊण तासात ते २४ वर आलं, मग दामिजानात घातलं. रात्री अकराला पहिला बुडबुडा. दीड दिवस फुकट गेला, आणि न आंबलेला रस तेवढा वेळ उन्हाळ्यात नुसता उभा राहिला.

४ सप्टेंबर, बुधवार

पहाटे गॅरेजमध्ये फरशी चिकट. मोठ्या दामिजानातून फेस कुपीतून वर येऊन बाहेर सांडत होता. दीड लिटर गेलं. आंबताना वर निदान सहावा हिस्सा जागा मोकळी ठेवायला हवी. म्हणजे ५४ च्या भांड्यात ४५ लिटर. धुऊन, पुसून, दोन्हींतून थोडं काढून तिसऱ्या बादलीत झाकून ठेवलं आणि फेस बसल्यावर परत घातलं.

आणखी एक, जिवाशी संबंधित. आंबताना कार्बन डायऑक्साइड भरपूर निघतो आणि तो खाली साचतो. गॅरेजचं शटर खालून एक हात उघडं ठेवूनच आत जायचं. मुलांना आत सोडायचं नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज गार्बीनो सुटला. डोंगरावरून समुद्राकडे येणारा हा गरम, कोरडा वारा सुटला की इथे दिवसात हवा पालटते. बाहेर ३४ अंश. दामिजानातलं तापमान दुपारी दोनला २४.५, आणि आंबण्याची स्वतःची उष्णता वेगळी. मला १८ च्या वर जाऊ द्यायचं नव्हतं. टबात पाणी घालून त्यात दामिजाना उभी केली, पण पाणीच कोमट झालं. बर्फाच्या बाटल्या तासाभरात संपल्या.

मग घरचं आठवलं. उन्हाळ्यात माठाला ओलं फडकं गुंडाळायची आई, आणि माठ ठेवायची वाऱ्याच्या तोंडी. हवा कोरडी असली की पाणी पटकन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. गार्बीनो कोरडाच असतो. प्लास्टिकची टोपली काढून टाकली, कॉफीच्या दुकानातून दोन रिकामी गोणपाटं मागून आणली, भिजवून काचेभोवती घट्ट गुंडाळली. गोणपाटाचं खालचं टोक टबातल्या पाण्यात बुडेल असं ठेवलं, म्हणजे ते आपणच पाणी वर ओढत राहतं. समोर टेबलपंखा. संध्याकाळी सातला २१. रात्री अकराला १८.५. मी स्टूल टाकून समोर बसले होते, दर अर्ध्या तासाला थर्मामीटर बघत. गोणपाटातून थेंब टपकत होते, कॉफीचा जुना वास येत होता आणि कुपीतला बुडबुड्यांचा वेग हळूहळू मंदावत होता.

यानंतर आंबणं संपेपर्यंत गोणपाट एकदाही काढलं नाही. तापमान १७ ते १९ मध्ये राहिलं. एका पैशाचा खर्च नाही. हवा दमट असेल तर हा उपाय इतका चालणार नाही, हे कोकणात करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

७ सप्टेंबर, शनिवार: गणेश चतुर्थी

सकाळी गणपती बसवला, उकडीचे मोदक झाले. दुपारी गॅरेज उघडलं तर सडक्या अंड्यांचा वास. पोटात गोळा आला.

बाबो ११. म्हणजे निम्म्याच्या जवळ साखर संपली आहे आणि यीस्ट उपाशी आहे. रसात नायट्रोजन कमी पडला की यीस्ट हा वास सोडतं. दुसऱ्यांदा यीस्ट घालण्याच्या गडबडीत मी त्याचं खाद्य, डायअमोनियम फॉस्फेट, घालायचंच विसरले होते. पुडी कपाटात तशीच होती.

१५ ग्रॅम घेऊन आधी पेलाभर रसात विरघळवलं. कोरडी पावडर आंबत्या रसात टाकली तर एकदम फेस उसळतो. दोन्ही भांड्यांत वाटून घातलं आणि थोडा रस बादलीत उंचावरून ओतून हवा खेळवून परत घातला. आंबण्याच्या या टप्प्यावर थोडी हवा चालते, यीस्ट ती वापरून टाकतं. आंबणं संपल्यावर हाच उपाय केला तर वाइन बिघडते.

आरतीला मन अर्धं गॅरेजमध्ये होतं. रात्री वास कमी, ९ तारखेला गेला.

१८ सप्टेंबर, बुधवार

बाबो शून्याच्या खाली, तीन दिवस तोच आकडा. जीभ कोरडी ठेवणारी चव, साखर उरलेली नाही. वास पिकलेल्या नाशपतीचा, पण खाली अजून यीस्टचा पावासारखा.

२१ सप्टेंबर, शनिवार: पहिली निथळ

काका चंद्र बघून काम करतात. वाइन एका भांड्यातून दुसऱ्यात घ्यायची ती उतरत्या चंद्रावर, वारा नसलेल्या दिवशी. मी म्हटलं, आमच्याकडे याला वद्य पक्ष म्हणतात. काकांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला. पौर्णिमा होऊन गेली होती, आज चालेल म्हणाले. चंद्राचं मला सांगता येणार नाही, पण स्वच्छ, स्थिर, जास्त दाबाच्या हवेत गाळ खाली बसलेला राहतो हे मात्र डोळ्यांनी दिसतं.

गाळ काढून ६६ लिटर. पुन्हा १० लिटरला १ ग्रॅम सल्फाइट. हे आत्ता घालायचं कारण: वाइनमधल्या मॅलिक आम्लाचं जिवाणूंनी लॅक्टिक आम्ल केलं की चव मऊ पडते, दुधाळ होते. लाल वाइनला ते हवं असतं. मला पेकोरीनोची धार हवी आहे, म्हणून जिवाणूंना वाव द्यायचा नाही.

५४ लिटरची दामिजाना गळ्यापर्यंत भरली, वर काकांनी दिलेलं वाइनसाठीचं वासहीन तेल, बोटभर जाडीचा थर. तेल हवा आत जाऊ देत नाही. उरले १२ लिटर. ते २५ च्या दामिजानात घातले, म्हणजे भांडं अर्ध्याहून जास्त रिकामं, आणि तिथलं तेल संपलेलं. 'पुढच्या आठवड्यात छोटी आणते' असं लिहून ठेवलं.

११ नोव्हेंबर, सोमवार: सान मार्तिनो

इथे म्हण आहे की सान मार्तिनोला, म्हणजे या संताच्या दिवशी, प्रत्येक रसाची वाइन होते. घरोघरी नवी वाइन उघडतात, चेस्टनट भाजतात. मीही उघडली.

मोठी दामिजाना: फिकट पिवळी, हिरवी झाक, लिंबाच्या सालीचा वास. अजून धूसर.

२५ ची दामिजाना: सोनेरी, जवळजवळ चहाच्या रंगाची. कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास. चव सपाट, आंबटपणा आहे पण जिवंतपणा नाही. १२ लिटर गेले. सात आठवडे मी छोटं भांडं आणायचं पुढे ढकलत राहिले. दिवाळी आली, ऑफिसचं काम आलं, आणि भांड्यातल्या मोकळ्या हवेने तिचं काम केलं. एकाच रसाची, एकाच दिवशी आंबवलेली वाइन. फरक फक्त वर उरलेल्या जागेचा आणि न घातलेल्या तेलाचा. दोन पेले शेजारी ठेवून धाकट्या भावाला फोनवर दाखवले. तो म्हणाला, "ताई, हे बागेतल्यासारखंच. एक फवारा चुकला की झालं."

१० लिटरच्या एका भांड्याला १२ युरो पडले असते. १२ लिटर म्हणजे १६ बाटल्या. सहा लिटर मासे शिजवताना वापरली, बाकी ओतून दिली.

३० नोव्हेंबर, शनिवार

धूसरपणा का जात नाही हे बघायला १०० मिली गाळून बाटलीत घेतली, ८० अंशांच्या पाण्यात दोन तास ठेवली, मग फ्रीजमध्ये. बाहेर काढली तेव्हा ताकाच्या निवळीसारखी पांढुरकी. म्हणजे प्रथिनं आहेत. अशीच बाटलीत भरली तर उन्हाळ्यात बाटली गढूळ होणार. उपाय बेंटोनाइट माती, १०० लिटरला ८० ग्रॅम, माझ्या ५४ ला ४३ ग्रॅम.

माती गरम पाण्यात एकदम ओतली. बेसन एकदम टाकलेल्या पिठल्यासारख्या गुठळ्या. हाताने फोडल्या, तरी आत कोरड्याच राहिल्या, आणि तशाच घातल्या.

७ डिसेंबर, शनिवार

पुन्हा उष्णतेची चाचणी, पुन्हा गढूळ. गुठळ्यांच्या आतली माती कामालाच आली नव्हती. या वेळी ३० ग्रॅम माती दसपट गरम पाण्यावर चिमूट-चिमूट भुरभुरवली, प्रत्येक चिमूट आपोआप खाली बसेपर्यंत थांबले, रात्रभर फुगू दिली. सकाळी मऊ, गुळगुळीत लापशी. घालून चांगलं ढवळलं. बेंटोनाइट थोडा वासही ओढून घेतं, त्यामुळे एका डोसात झालं असतं ते दोन डोसांत झाल्याची किंमत वाइनने मोजली.

२१ डिसेंबर, शनिवार

काचेसारखी निवळली. चाचणीही स्वच्छ. गाळावरून काढल्यावर ५१ लिटर, म्हणजे ५४ चं भांडं आता पुन्हा रिकामी जागा ठेवणार. या वेळी थांबले नाही. त्याच दिवशी ३४ आणि १५ लिटरच्या दामिजाना आणल्या, ३८ युरो. दोन्ही काठोकाठ, उरलेले २ लिटर लिटर-लिटरच्या बाटल्यांत बूच लावून. सल्फाइट किती उरलं आहे हे प्रयोगशाळेतून तपासून घेतलं आणि कमी होतं तेवढंच वाढवलं. अंदाजाने पुन्हा पुन्हा घालू नये, नाकाला झोंबतं.

जानेवारी २०२५

काही करायचं नाही, फक्त गारठा लागू द्यायचा. दामिजाना गच्चीवर उत्तरेकडच्या भिंतीला लावल्या, काळं कापड पांघरून. रात्री २-३ अंश, आठवडाभर सिबिल्लिनीच्या डोंगरांवर बर्फ दिसत होतं. तीन आठवड्यांत काचेच्या तळाशी खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे स्फटिक जमले. टार्टारिक आम्लाचं हे मीठ आहे. निरुपद्रवी, पण इथे खाली बसलं नाही तर फ्रीजमध्ये बाटलीत बसतं आणि पाहुण्यांना काचेचा चुरा वाटतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

प्रयोगशाळेचा दुसरा कागद आला. दोन्ही वेळचे मिळून ५० युरो. अल्कोहोल १३.३ टक्के, एकूण आम्ल ६.८, पीएच ३.२२, व्हिनेगरचं आम्ल ०.३२. मॅलिक आम्ल जवळजवळ होतं तसंच, म्हणजे जिवाणूंनी हात लावलेला नाही. आम्लाचा जो १.३ ग्रॅमचा फरक पडला त्याचा मोठा वाटा गच्चीवरच्या स्फटिकांत गेला. हा कागद मी स्वयंपाकघरात फ्रीजवर लावला आहे.

२२ मार्च, शनिवार: बाटल्या

पौर्णिमा १४ ला झाली, काकांच्या हिशेबाने आजचा दिवस चांगला. बुचं ठोकायचं यंत्र घेऊन ते स्वतः आले. ४८ लिटर, ६४ बाटल्या. बाटल्या आदल्या रात्री धुऊन पालथ्या घातल्या होत्या. नळीचं टोक बाटलीच्या तळाला टेकवून भरायचं, वरून धार सोडायची नाही. पहिल्या सहा बाटल्यांत मी धार सोडली, त्यांना खूण करून ठेवली आहे, त्या आधी संपवायच्या.

लेबलावर ऑफीदा लिहिता येत नाही, ते नाव नियमांत बसवून तपासून घेतलेल्या वाइनलाच मिळतं. ही विकायचीही नाही. पांढऱ्या कागदावर 'आर्क्वाताची नात, २०२४' असं देवनागरीत लिहिलं आणि काकांना वाचून दाखवलं. त्यांनी एक लेबल खिशात ठेवलं.

एकूण खर्च: द्राक्षं १३०, भांडी ५८ आणि ३८, मापक-नळ्या ४२, यीस्ट-सल्फाइट-माती वगैरे ३१, तपासण्या ५०, बाटल्या ३८.५०, बुचं २२. बेरीज ४०९.५० युरो. बाटलीला ६.४०. ते १२ लिटर वाचले असते तर ८० बाटल्या झाल्या असत्या आणि जादा बाटल्या-बुचांचा खर्च सोडला तर बाटली ५.१२ ला पडली असती. भांडी आणि मापक पुढच्या वर्षी पुन्हा घ्यावे लागणार नाहीत.

३० मार्च, रविवार: पाडवा

गुढी उभारली आणि दुपारी एक बाटली उघडली. घाई झाली. वास बंद, नाकाशी सल्फाइट, चव तुटक. बाटलीत भरताना वाइन हलते, तिला सावरायला दोन महिने द्यावे लागतात हे काकांनी सांगितलं होतं.

१ जून, रविवार

आज काका आणि त्यांच्या पत्नी जेवायला आल्या. तळलेल्या ताज्या अलीची, म्हणजे बोटाएवढे चांदीसारखे मासे, वर लिंबू. सोबत मी कोथिंबीर वडी केली होती. बाटली १० अंशाला.

नाशपती, लिंबाची साल, आणि मागून सेजच्या पानासारखा हिरवा वास. पहिल्या घोटाला जिभेच्या कडांना त्याच झिणझिण्या आल्या ज्या २४ ऑगस्टला मण्याने आणल्या होत्या. शेवटी किंचित कडवटपणा रेंगाळतो. दाबयंत्राचा दांडा पुढे फिरवला नसता तर तो नसता, असं काका म्हणाले, आणि मला ते पटलं. वासही बाजारातल्या चांगल्या पेकोरीनोपेक्षा आखूड आहे. ती २९ अंशांची द्राक्षं आणि मातीचा दुसरा डोस.

वडीबरोबर काकूंनी दुसरा पेला मागून घेतला. काका बराच वेळ पेला उजेडात धरून बसले होते. मग म्हणाले, "आम्ल राखलंस."

या वर्षी १५० किलो सांगून ठेवले आहेत. १० लिटरची एक आणि ५ लिटरच्या दोन दामिजाना आणून गॅरेजमध्ये धुऊन ठेवल्या. गोणपाटं उन्हात वाळवून तिथेच टांगली आहेत. तोडणीच्या दिवशी पाचला निघायचं, गाडीत ओल्या चादरी, बर्फ आदल्या रात्रीच घरात. दाबयंत्राशी काका 'बस्ता' म्हणाले की हात काढायचा. तारीख २० ऑगस्टनंतर मणी चाखून ठरेल.